मुलं आणि आजीला घेऊन जंगलात पायी: नागपूरकरांनी सुरुवात झुडपी जंगलापासून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात राहणारं पाच जणांचं कुटुंब. मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाचचा, आजी त्रेसष्टच्या आणि त्यांचे गुडघे थोडे कुरकुरतात. जिप्सीतल्या सफाऱ्या झाल्या, आता पायी फिरायचं आहे. जुन्या दाट जंगलातून आणि मोकळ्या माळरानावरून. कुठे जावं, किती चालावं, काय जपावं?

आधी जिथे जायचं नाही ते सांगतो. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला हे आपल्या उशाशी असलेले जंगलाचे भाग कुटुंबासह पायी फिरण्याचे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पाऊल ठेवता येत नाही, आणि पर्यटकांना तिथे आत फिरायचं ते गाडीतूनच. कायदा बाजूला ठेवला तरी कारण पक्कं आहे. पाच वर्षांचं मूल उंचीने लहान असतं, मध्येच पळतं, मध्येच उकिडवं बसतं. मोहफुलं आणि तेंदूपाने वेचताना वाकलेल्या माणसांवर उन्हाळ्यात जे हल्ले होतात, त्यांच्यामागेही हेच आहे: वाकलेली किंवा बसलेली आकृती जनावराला माणसासारखी वाटत नाही. बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, वनविभागाने स्वतः आखलेल्या पायवाटा काही ठिकाणी आहेत, तिथे स्थानिक गाइडसोबत जाता येतं. पेंचच्या सिल्लारी प्रवेशद्वारावर किंवा त्या-त्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आदल्या आठवड्यात विचारून घ्या. गावातला ओळखीचा माणूस ‘चला, मी नेतो’ म्हणाला, तर ती परवानगी नव्हे.

मग सुरुवात कुठून? झुडपी जंगलातून. हा शब्द आपल्या विदर्भाच्या सातबाऱ्यावरचा. बरड, मुरमाड, नांगर न लागणारी जमीन, तिच्यावर बोरी, पळस, हिवर, तरवड आणि कमरेएवढं गवत. लोक तिला पडीक समजतात. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनजमीनच असल्याचा निकाल दिला. पूर्व विदर्भात ही जमीन सुमारे ८६ हजार हेक्टर आहे. मुलांना चालायला शिकवण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही. नजर लांबवर पोचते, मूल शंभर पावलं पुढे गेलं तरी दिसतं, चढ हलका असतो, आणि खाली वाकून पाहण्यासारखं पावलोपावली काही ना काही असतं. दाट जंगलात लहान मुलं लवकर कंटाळतात, कारण त्यांच्या उंचीवरून फक्त खोडं दिसतात.

शहरातच सुरू करायचं तर अंबाझरीचं जैवविविधता उद्यान घ्या. गवताळ माळ, तलावाचा काठ, आखलेले रस्ते, शिवाय आजींना वाटेल तिथून परत फिरता येतं. पहिल्या फेरीला जाऊन-येऊन तीन किलोमीटर पुरे. सेमिनरी हिल्सचा उतार दुसऱ्या फेरीला. तिथला काळा दगड बेसॉल्ट आहे, म्हणजे लाव्हारसाचा. नागपूर बरोबर दोन खडकांच्या सीमेवर बसलंय: पश्चिमेला कळमेश्वर-काटोलकडे हा काळा दगड, आणि पूर्वेला रामटेककडे त्याच्यापेक्षा कितीतरी जुने, चकाकणाऱ्या अभ्रकाचे आणि गारेचे रूपांतरित खडक. चालणाऱ्याला हा फरक पायाखाली कळतो. बेसॉल्टच्या टेकडीवर मुरुम असतो, त्याचे वाटाण्याएवढे गोल खडे उतारावर छर्‍यांसारखे सरकतात. उतरताना टाच आधी रोवायची, गुडघा किंचित वाकवून ठेवायचा, पावलं आखूड घ्यायची. मुलं पळत उतरतात आणि नेमकी तिथेच तळहात सोलून घेतात.

माळरानावर नोव्हेंबर-डिसेंबरात त्रास देतं ते कुसळी गवत. त्याचं बी भाल्यासारखं असतं: पुढे तीक्ष्ण टोक, त्यावर मागे वळलेली लव, आणि मागे दोन-तीन इंच लांब, पीळ पडलेली शेपटी. एक कुसळ काढून मुलीच्या तळहातावर ठेवा आणि त्यावर पाण्याचा थेंब टाका. शेपटी स्वतःभोवती फिरायला लागते. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी मातीत शिरतं. तुमच्या मोज्यातही ते तसंच शिरतं, घामाच्या ओलीने. म्हणून सुती विणलेले जाड मोजे माळावर नकोत. पातळ, गुळगुळीत नायलॉनचे घ्या आणि पँट मोज्यावरून खाली सोडा. सराट्यांचं वेगळं. ते पातळ रबरी चप्पल आरपार करतात, त्यामुळे चप्पल आणि पायात सैल बसणाऱ्या सँडल गाडीतच ठेवा.

बुटांबद्दल दोनच गोष्टी. मुलांचे बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आणि दुकानात उतरत्या फळीवर किंवा जिन्यावर उभं करून बघा: अंगठा पुढे टेकत असेल तर नंबर लहान. आदल्या रात्री नखं कापायला विसरू नका. उतारावर नख काळं पडतं ते याच कारणाने. महागड्या बुटांची गरज नाही. तळाला खोल खाचा असलेले, आधी दोन आठवडे शाळेत वापरलेले बूट उत्तम. नवे कोरे बूट घालून पहिल्याच दिवशी आठ किलोमीटर चालणं म्हणजे फोडांना आमंत्रण.

आता किती चालायचं. मोठ्या माणसाचा जुना हिशेब असा: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. मुलं असतील तर हा वेळ दुप्पट धरा, पाच वर्षांचं असेल तर अडीच पट. पाच वर्षांचा मुलगा दिवसाला तीन, फार तर चार किलोमीटर आनंदाने चालतो. त्यापुढचं अंतर तुमच्या खांद्यावर येतं. दहा वर्षांची मुलगी सात-आठ किलोमीटर सहज करते. पण गट चालतो सर्वात लहानाच्या वेगाने, तेव्हा वाट त्याच्या मापाची निवडा. अंतरापेक्षाही परतीची वेळ महत्त्वाची. सकाळी सातला सुरुवात आणि एकूण तीन तास हाताशी असतील, तर सव्वाआठला, जिथे असाल तिथून, फिरा. शिखर दिसत असलं तरी. मुलं जाताना उत्साहात असतात, येताना थकतात, म्हणून परतीला जास्त वेळ ठेवायचा. हिवाळ्यात नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि झाडीत त्याच्या अर्धा तास आधीच अंधारून येतं. दुपारनंतरची नवी वाट सुरूच करू नका.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. पहाटे गारठा असतो, दहा अंशांच्या खालीही जातो, पण दहा-साडेदहापर्यंत अंगातला स्वेटर कमरेला बांधावा लागतो. म्हणून एक जाड कपडा नको, तीन पातळ हवेत. फेब्रुवारीच्या शेवटापासून सागाची पानं गळतात. वाळलेलं सागाचं पान ताटाएवढं, कडक आणि वरून गुळगुळीत. उतारावर अशी पानं एकावर एक पडली की पाटावरून घसरावं तसा पाय जातो, आणि खाली दगड आहे, खड्डा आहे की साप, हे दिसत नाही. काठीने पानं बाजूला करत चाला. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम, त्या काळात काडेपेटी, लायटर, चुलीवरचं जेवण यांतलं काहीच नाही. एप्रिल-मेमध्ये मुलांना घेऊन जाऊ नका, एवढंच.

पावसाळ्याचा मोह सगळ्यांना होतो. माळ हिरवागार होतो हे खरं, पण विजेचा धोका तिथेच सगळ्यात मोठा, कारण मोकळ्या माळावर तुम्हीच सर्वात उंच. दूर गडगडलं की गाडीकडे निघा, एकट्या झाडाखाली थांबू नका, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास गाडीतच बसा. नाल्याचं पाणी मुलाच्या गुडघ्याच्या वर असेल किंवा स्वच्छ असलेलं एकदम गढूळ झालं, तर ओलांडायचं नाही. वर कुठेतरी पाऊस झालेला असतो, आणि इथे लोंढा यायला दहा मिनिटं पुरतात.

दुसऱ्या पायरीला रामटेक आणि मनसर. नागपूरहून पन्नास किलोमीटरच्या आत, आणि आजींसाठी तर खास सोयीचं. अंबाळा तलावाकडून गडावर जुन्या पायऱ्या चढतात, आणि दुसऱ्या बाजूने वरपर्यंत गाडीरस्ता आहे. त्यामुळे आजींनी एकासोबत गाडीने वर यावं, बाकीच्यांनी पायऱ्या चढाव्यात, आणि उतरताना सगळ्यांनी गाडीत बसावं. गुडघ्याला खरा मार उतरताना बसतो, चढताना नाही. आजींना पायऱ्या चढायच्याच असतील तर हातात काठी द्या: उभं राहून मूठ धरली की कोपर काटकोनात यावं, एवढी उंच. उतारासाठी बोटभर लांब असली तर बरं. गडावर वानरं आहेत आणि त्यांना पिशवीतला प्रसाद, केळी, प्लॅस्टिकचा आवाज हे सगळं ओळखीचं आहे. मुलांच्या हातात उघडं खाणं देऊ नका. वानराने पिशवी धरली तर ओढाताण न करता सोडून द्या, आणि दात दिसतील असं त्याच्याकडे हसून पाहू नका, त्याच्या भाषेत ती धमकी असते. मनसरची हिडिंबा टेकडी जवळच. १९९८ पासूनच्या उत्खननात तिथे वाकाटककालीन विटांचं मोठं बांधकाम उघडं झालं. टेकडी लहान, वाट छोटी, पाच वर्षांच्या मुलाला ‘मी गड चढलो’ म्हणता येईल एवढी. फक्त विटांवर चढायचं नाही.

पूर्ण सपाट वाट हवी असेल तर नवेगावबांधसारख्या जुन्या तलावाच्या पाळीवरून सकाळी चाला. कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव पूर्व विदर्भाचं वैभव आहेत, आणि पाळीवरून जंगल आणि पाणी दोन्ही दिसतं.

आता ‘जुनं जंगल’ म्हणजे काय, हे जाण्यापूर्वी ओळखायला शिका, नाहीतर सागाची लागवड पाहून परत याल. एकाच जाडीची, दोन-दोन मीटरवर ओळीने उभी झाडं म्हणजे लागवड. एका बुंध्यातून तीन-चार खोडं फुटलेली दिसली तर तिथे कधीतरी तोड झाली आहे, ही खुंटावरची फूट. जुन्या जंगलात सगळ्या वयांची झाडं एकत्र असतात, मांडीएवढ्या जाड पळसवेली आणि माहुलवेली वर चढलेल्या असतात, उभी वाळलेली झाडं आणि ढोल्या असतात, पडलेलं खोड जागच्या जागी कुजत असतं. मुलीकडे शिंप्याचा टेप द्या आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर, खोडाचा घेर मोजायला सांगा. वनखात्याचीही मोजायची उंची हीच. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी तडकलेली, कुल्लूची पांढरीफटक आणि कागदासारखी सुटणारी, सागाचं कोवळं पान बोटांत चुरडलं की बोटं लाल. पावसाळ्याच्या शेवटी सागाची पानं जाळीदार झालेली दिसतात, ते एका पतंगाच्या अळीचं काम: ती शिरा सोडून मधला हिरवा भाग खाते. एवढ्या ओळखी झाल्या की मुलं ‘अजून किती लांब’ विचारायची थांबतात.

महाराष्ट्रातलं जपलेलं जुनं सागवान पाहायचं तर गडचिरोलीतलं आलापल्ली. तिथला सहा हेक्टरांचा ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हा तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. अंतर लांब आहे, मुक्काम लागतो, पण आतली चाल थोडी आणि सपाट.

कुटुंबासाठी माझी पसंती मात्र पचमढी. छिंदवाडा-तामिया मार्गे अडीचशे किलोमीटरच्या आसपास. विदर्भातले भाविक पिढ्यान्‌पिढ्या त्रिशूळ घेऊन चौरागडच्या महादेवाला आणि नागपंचमीला नागद्वारला जातात. आजी-नातवंडांनी एकत्र डोंगर चालायची आपली परंपरा हीच, आणि ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणत चढणाऱ्या बायकांकडून वेग कसा राखावा हे शिकण्यासारखं आहे: श्वास न लागता बोलता येईल, तोच योग्य वेग. पण लहान मुलांना घेऊन यात्रेच्या गर्दीत जाऊ नका. नागद्वारची वाट वर्षातून थोडेच दिवस उघडते, लांब आणि निसरडी असते. त्याऐवजी थंडीत अप्सरा विहारची छोटी वाट करा, पुढे रजत प्रपात दिसतो तिथवर. पाण्यातल्या शेवाळी दगडांवर बुटांसह पाय ठेवू नका. पचमढीला वाळूच्या खडकावर सालाचं, म्हणजे आपल्याकडच्या सरईचं, जंगल आहे, आणि काळ्या दगडाची जमीन लागली की साग सुरू होतो. हा बदल रस्त्याकडेलाही दिसतो. साल कधी पूर्ण उघडा पडत नाही, म्हणून मार्चमध्ये आपल्याकडे रखरखाट असताना तिथे सावली मिळते. शेजारचं बोरीचं राखीव जंगल १८६५ चं, देशातल्या सर्वात जुन्या राखीव वनांपैकी.

पिशवीत काय हवं. पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, थंडीतही. मुलाच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको. क्षारसंजीवनीचं पाकीट एका लिटरमध्ये पूर्ण टाका. अर्ध्या पाकिटाचा ‘हलका’ घोल करू नका, क्षारांचं प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खायला तिखट-मिठाच्या पुऱ्या, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, संत्री. संत्र्याची सालं परत आणा, त्या वासाने वानरं वाटेवर येऊन बसायला शिकतात. प्रत्येक मुलाला एक शिट्टी, पण गळ्यात दोरीने नाही, काटेरी झुडपात दोरी अडकते. पिशवीच्या पट्ट्याला बांधा. आणि एकच नियम पाठ करून घ्या: चुकलं तर झाडाला धरून उभं राहायचं, तीनदा शिट्टी वाजवायची, शोधायला जायचं नाही.

कड्याखाली आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असतं. अत्तर, डिओ, धूर, दगड मारणं, हे चारही बंद. माशा उठल्या तर तोंड झाकून सरळ पळा, गाडीत शिरून काचा लावा. जमिनीवर लोळू नका, पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबून राहतात. खाजकुयरीच्या सोनेरी, लवदार शेंगा हिवाळ्यात मुलांना हमखास खुणावतात. लव अंगाला लागली तर चोळू नका, पाणीही आधी नको. चिकटपट्टी लावून ती ओढून काढा, मग साबणाने धुवा. साप चावला तर आवळपट्टी नाही, चीर नाही, मांत्रिक नाही. पाय काठीला बांधून स्थिर ठेवा, उचलून न्या, १०८ ला फोन करा, आणि जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते निघण्याआधी पाहून ठेवा. वाघ-बिबट्या-अस्वल दिसलं किंवा ताजे ठसे दिसले, तर मुलांना उचला, पाठ न दाखवता मागे सरा, आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. वळणावर गप्प चालू नका, साधं बोलत चाला. लघवीला मुलाला एकट्याला झुडपाआड पाठवू नका.

शेवटचं काम घरी आल्यावरचं, आणि ते बहुतेक जण टाळतात. गवतात माइट नावाच्या सूक्ष्म जिवांच्या अळ्या असतात. त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा तापाचा आजार होतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ येऊन माणसं दगावली. ऑगस्ट ते नोव्हेंबर हा त्याचा मुख्य काळ. म्हणून गवतात थेट बसू नका, सतरंजी अंथरा, कपडे झुडपावर वाळत घालू नका. घरी येताच सगळ्यांनी साबण लावून घासून आंघोळ करायची, कपडे लगेच गरम पाण्यात. मुलांची काख, जांघ, कानामागची जागा, कमरपट्ट्याची रेघ नीट पाहा. पुढचे तीन आठवडे कोणालाही ताप आला, तर अंगावर कुठे सिगारेटचा चटका बसावा तसा, न दुखणारा काळा खपलीचा डाग आहे का ते शोधा. डाग सापडो न सापडो, डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की आम्ही अमुक तारखेला गवताळ रानात गेलो होतो. याचं औषध साधं आणि स्वस्त आहे, पण डॉक्टरांना हे कळलं नाही तर तापाचे पहिले चार-पाच दिवस मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड तपासण्यातच जातात.